जाणता इसम

“यात ‘जाणते इसम’ म्हणून लिहिलंय, ते हेच का?”

वकिलांनी कागदावर बोट ठेवून विचारलं, तेव्हा मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. ते दोन शब्द माझ्याच अक्षरात होते. महिन्याभरापूर्वी कल्याणला, लॉरी विकणाऱ्या शेठच्या वखारीत बसून मी ते लिहिले होते, आणि लिहिताना मला फार बरं वाटलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही. ‘हेच’ म्हणजे माझा बा, धाकू. वकिलांनी खुर्ची दाखवली तरी तो दाराजवळच्या बाकावर जाऊन बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. ठाण्याला तलावामागच्या गल्लीत हरिहरराव वकिलांची ही खोली. भिंतीला पुस्तकांची कपाटं, टेबलावर दौत, खिडकीतून येणारा बायकांच्या भांडणाचा आवाज. मी कळव्याच्या शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलो होतो आणि बाला थाप मारून आणलं होतं. नुसता अंगठा लागतो, विचारणार कुणी काही नाही, असं मी त्याला सांगितलं होतं. त्यामुळे वकिलांनी मान वर करून बाकाकडे बघितलं, तेव्हा मी घाईनं मध्ये पडलो. मी हो म्हणालो, हेच ते. माझा आवाज वर्गात हजेरी देणाऱ्या पोराचा निघाला.

आमची लॉरी शहाडला एका मिस्त्रीच्या आवारात तीन आठवडे मरून पडली होती. मरून पडली असं बा म्हणतो, आणि मलाही आता दुसरा शब्द सुचत नाही. खाडीकाठची आमची भाताची जमीन कारखान्यासाठी गेली, मिठागरावरचं काम त्याआधीच सुटलं होतं, आणि जमिनीच्या बदल्यात जे हातात आलं त्याची ही लॉरी झाली. दुसरं काही आमच्याकडे उरलं नव्हतं. माझा आतेभाऊ पंढरी लढाईत गाडी चालवायला शिकून आला होता. त्यानं लॉरी चालवायची, वीट आणि रेती वाहायची, आणि घरातल्या सात माणसांनी त्यावर जगायचं, असं ठरलं होतं. कल्पना माझी. मास्तर झाल्यापासून घरातल्या कल्पना मला सुचतात, आणि त्या पार पाडायचं काम बाकडे येतं. मला लॉरीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पंढरीला चालवता येत होती, पण निवडता येत नव्हती. निवडायची तर बानंच, यात घरात कुणाला शंका आली नाही. मलाही आली नाही, आणि सगळं तिथेच फसलं.

कारण बा आमच्या खाडीचा पाहणारा होता. घोडबंदरपासून कल्याणपर्यंत कुणाला मचवा घ्यायचा असो की रेतीचा पडाव, कुठलीही होडी असो, बाला बोलावणं यायचं. लहानपणी मी त्याच्याबरोबर जायचो. ओहोटीला होडी चिखलात कलंडलेली असायची. बा तिच्याभोवती एक फेरी मारायचा, काही न बोलता. मग बोटांची पेरं मिटून एकेक फळी ठोकायचा, कान लावायचा, पुन्हा ठोकायचा. विकणारा आणि घेणारा, दोघे दोन बाजूंना गप्प उभे. पाहणी चालू असताना विकणाऱ्यानं आपल्या मालाचं कौतुक करायचं नाही, हा रिवाज. मग आत पाणी भरायला सांगायचा आणि खाली उकिडवा बसून ते कुठे झिरपतंय हे बघत राहायचा. कधी कधी अख्खी ओहोटी जायची. मला कंटाळा यायचा, भूक लागायची, चिखलात पाय गार पडायचे. पण तो उठून मान हलवायचा तेव्हा मोठमोठे बाप्ये त्याच्या तोंडाकडे ज्या तऱ्हेनं बघायचे, त्याचा मला माज होता. होडी पसंत पडली की विकणारा पाहणाऱ्याला नारळ द्यायचा. नारळ घेतला की विकणारा मोकळा. पुढे होडीत काही निघालं तर घेणाऱ्यानं विकणाऱ्याच्या दारात जायचं नाही, पाहणाऱ्याच्या दारात यायचं. कागद नाही, साक्षीदार नाही, आणि तरी माझ्या आठवणीत यावरून कुणाची मारामारी झालेली नाही.

लॉरीही बानं तशीच पाहिली. गुरुदत्तशेठच्या वखारीत लष्करानं टाकून दिलेल्या सहा-सात गाड्या हिरवा रंग खरवडून, लाल-निळा देऊन उभ्या होत्या. शेठ गोड माणूस. इंजिन मुंबईहून नवं भरून आणलंय, पाच वर्षं झाकण उघडायला नको, असं तो म्हणाला. बा म्हणाला, बघतो. आणि दोन दिवस बघत राहिला. फळ्या ठोकल्या, लोखंड ठोकलं, खाली सरपटत जाऊन कान लावला. इंजिनात पाणी असतं हे पंढरीनं सांगितल्यावर त्याचा चेहरा खुलला. पाण्याचं काम म्हणजे आपलंच काम. त्यानं पाणी भरायला लावलं आणि इंजिनाखाली उकिडवा बसला, सकाळपासून उन्हं कलेपर्यंत. एक थेंब गळला नाही. शेठनं मध्ये दोनदा चहा पाठवला. तिसऱ्या वेळी स्वतः घेऊन आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, मास्तर, अशी पारख आजकाल बघायला मिळत नाही हो. मी फुगलो. आमच्या चालीबद्दल त्यानं हसत हसत विचारलं आणि मी त्याला नारळाचं सगळं सांगितलं, वर्गात धडा सांगावा तसं, काहीही न गाळता.

दुसऱ्या दिवशी नारळ तयार होता. नारळावर खण, वर पानविडा. आणि कागद. लिहिणार कोण, तर मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं, ते असताना दुसऱ्यानं कशाला हात लावायचा. शेठ सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. सदरहू लॉरी खरेदीदार धाकू, जे या कामातले जाणते इसम आहेत, यांनी दोन दिवस समक्ष ठोकून, पाण्याची परीक्षा करून, मनाजोगती पाहून पसंत केली असे. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बानं ‘जाणते इसम’ पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. त्याचं नाव आजवर कुठल्या कागदावर मानानं आलेलं नव्हतं. आलं होतं ते मिठागराच्या हजेरीत, आणि जमीन घेतल्याच्या नोटिशीत. त्यानं अंगठा उठवला, नारळ कपाळाला लावला आणि आम्ही लॉरीत बसून घरी आलो. आई लॉरीला ओवाळायला बाहेर आली होती. बायजाबाईचा नवरा लिहिलेला जाणता झाला, असं मी तिला म्हणालो, आणि ती लाजली.

आठव्या दिवशी शहाडच्या पुलाकडे चढाला, भरल्या गाडीत, इंजिनातून वाफ आली आणि लॉरी जागच्या जागी थांबली. मी पोचेपर्यंत पंढरीनं मिस्त्रीला आणलं होतं; त्यानं रंग खरवडला तर खाली बोटभर लांब भेग. शिसं भरून, घासून, वरून रंग दिलेला. गार पाण्याला ती दाद देत नाही, इंजिन तापलं की तोंड उघडते, मिस्त्री म्हणाला. बा चढावर उभा होता. त्यानं भेगेवर बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं. आता एक गोष्ट सांगतो, जी मी शालूला, माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही. त्या वेळी, सगळं बुडालं हे कळत असताना, मला आत कुठेतरी बरं वाटलं. क्षणभरच. बा चुकला. चिखलात उपाशी उभं राहून ज्याच्या तोंडाकडे मी बघत बसायचो, तो चुकला. मग लगेच मला माझीच किळस आली, पण बरं वाटलं होतं ते वाटलंच होतं. तेव्हापासून बाच्या नजरेला नजर देताना मला उगाच खोकला येतो.

“मास्तर, लक्ष आहे ना?” हरिहरराव म्हणाले. माझं लक्ष होतं. ते शांतपणे समजावून सांगत होते, माणूस सज्जन होता. भेग बुजवून रंगवली हे मिस्त्री शपथेवर सांगेल, ही आपली भक्कम बाजू. पण समोरचा वकील हा कागद पुढे करील. म्हणेल, शेठच्या शब्दावर कुणी विसंबलंच नव्हतं. यांचा स्वतःचा जाणता माणूस होता, त्यानं दोन दिवस पारख केली, पाण्याची परीक्षासुद्धा केली, मग राहिला असेल दोष तर त्याच्या पारखीचा. मी विचारलं, मग आता? ते थोडा वेळ दौतीचं झाकण फिरवत राहिले.

“कोर्टाला एकच गोष्ट पटावी लागेल,” ते म्हणाले. “यांना इंजिनातलं काही कळत नव्हतं. शेठ सांगेल ते खरं धरण्यावाचून यांना गत्यंतर नव्हतं. तसं असेल तर नोटीस काढू, दावा लावू, आणि मला वाटतं, उभं राहता येईल. तसं नसेल तर मी तुम्हाला खर्चात पाडणार नाही. खोटं बोला असं मी म्हणत नाही हं. काय होतं तेवढं सांगा.”

खोटं बोलायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटून गेलं. खोटं बोलायचं म्हटलं की माणूस नाइलाज म्हणून बोलतो आणि घरी जाऊन पाय धुतो. इथे तर सगळं खरं होतं. इंजिनातलं बाला काही कळत नव्हतं, यात खोटं काय? मी बाकाकडे बघितलं. बाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो मान वाकडी करून बसल्या बाकावर पेरं आपटत होता, हळूच, इकडे एकदा, तिकडे एकदा. हरिहररावांनीही ते बघितलं आणि काय झालं म्हणून विचारलं.

“साग हाय,” बा म्हणाला. “पन मधी जोड हाय.”

अखंड फळी म्हणून सुतारानं दिलाय, वकील म्हणाले. बानं पेरं आवरली. कुणाच्या घरात बसून त्याच्या वस्तूला नाव ठेवू नये, एवढं त्याला कळतं. पण वकील उठले, बाकाशी गेले, वाकून खालून हात फिरवला, जोडापाशी त्यांचं बोट थांबलं, आणि ते परत येऊन खुर्चीत बसले. मग मला म्हणाले, “हे असलं काही यांनी कोर्टात करता कामा नये.” ते चेष्टेत म्हणाले नव्हते. मला हसू आलं, आणि हसू यायची ती वेळ नव्हती.

मला भिवंडीच्या रेतीवाल्याचा पडाव आठवला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. बानं पसंत केलेला पडाव महिन्याभरात तळाशी गळायला लागला. मालक काही आमच्या दारात आला नाही, त्याला भीड वाटली असेल. बाच्या कानावर बाजारात आलं. तो घरी आला, आईला म्हणाला भाकरी बांध, आणि चार महिने रोज ओहोटीला भिवंडीच्या बंदरावर जाऊन त्या पडावाच्या फळ्या बदलत राहिला. मोबदला नाही. घरात तेव्हा खाडीत मिळेल ते आणि पेजेचं पाणी एवढंच होतं. सगुणाआत्या भांडायला आली होती, पोरांच्या तोंडचं काढून परक्याची होडी कसली शिवतोस म्हणून. बा दुसऱ्या दिवशीही भाकरी घेऊन गेला. पाचव्या महिन्यात पुन्हा बोलावणी यायला लागली, आधीपेक्षा जास्तच. बाच्या लेखी चुकण्यात काही नव्हतं. चूक आपली म्हणायची आणि भरून द्यायची, की पाहणारा पुन्हा पाहणारा. आणि इथे आम्हाला उलटं सांगायचं होतं. मी पाहणारा नव्हतोच. नारळ घेतला तो कळत नसताना घेतला. खाडीवर अशी गोष्ट पसरायला एक भरती पुरते.

शहाडला त्यानं तेच चालवलं होतं. लॉरी पडल्यापासून तो रोज सकाळी भाकरी घेऊन मिस्त्रीच्या आवारात जात होता. कुणाला भरून द्यायचं? लॉरी आमची, नुकसान आमचं. तरी जात होता. मी एकदा शाळा सुटल्यावर त्याला आणायला गेलो, तर तो तेलानं काळा झालेला, मिस्त्रीपुढे उकिडवा, आणि मिस्त्री त्याला एकेक भाग हातात देऊन नाव सांगत होता. साठीचा माणूस. तो ती नावं पुटपुटत होता, आमच्या पहिलीच्या वर्गात पोरं बाराखडी म्हणतात तसा. मला बघून म्हणाला, नाथा, जी वस्त ऊन खाऊन फुगते ती गार पान्यात काय बोलनार? तिला तापवून इचारायचा असतंय. मी म्हटलं चल, आई वाट बघतेय. वकिलाकडे जाऊ म्हणून मी त्याच संध्याकाळी विषय काढला, तर म्हणाला, “नारल मी घेतलाय, नाथा. शेटच्या दारात कंच्या तोंडानं जाऊ?” मी म्हणालो, दारात जायचं नाहीच, कोर्टात जायचंय. हा फरक मला मोठा शहाणपणाचा वाटला होता.

हरिहररावांनी कोरा कागद पुढे ओढला, वर तारीख घातली आणि बाला हाक मारली. “धाकूबाबा, इकडे या. असं समोर बसा.” बा उठला, टोपी घातली, खुर्चीच्या कडेवर टेकला. वकील म्हणाले, सरळ सांगा, भ्यायचं कारण नाही, मोटरीच्या इंजिनातलं तुम्हाला काही कळतं का? खिडकीतलं भांडण थांबलं होतं, किंवा मला ऐकू येत नव्हतं. बानं दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले. तेलाचा काळेपणा नखांच्या कडेनं अजून होता. त्याच्या तोंडावर मी मागे कधी पाहिलेलं नव्हतं असं काहीतरी आलं. थोडी भीड, आणि भिडेच्या खाली आनंद. आपल्याला हवं ते कुणीतरी विचारलं, असा.

“तसा बगा सायेब,” तो म्हणाला, “आता थोडा थोडा कलाया लागलाय. म्हंजे त्याच्या पोटान चार नल्या असतान, आनि त्या–”

“त्यांना काही कळत नाही,” मी म्हणालो.

ते मी फार मोठ्यानं म्हणालो. घरी मी बाला अरे-तुरे करतो, सगळेच करतात. वकिलांसमोर मी त्याला ‘त्यांना’ म्हणालो, मान देऊन. हरिहरराव टाक हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. मला थांबता आलं असतं. जमीन, आई, शालू, पंढरीची पोरं, सगळं डोळ्यांसमोर आणून मी स्वतःला सांगत होतो की हे त्यांच्यासाठी चाललंय, आणि त्याच वेळी शहाडच्या चढावर जे बरं वाटलं होतं ते पुन्हा तसंच, त्याच जागी वाटत होतं. मी पुढे बोललो. लिहायला येत नाही. मोटर कधी जवळून पाहिलेली नाही. होड्या बघतात, पण ते आपलं अंदाजानं, गावठी. इंजिनाला पाण्याची परीक्षा म्हणजे काय, साहेब, पोरखेळ. शेठनं सांगितलं ते आम्ही खरं धरलं. ‘जाणते इसम’ हे शेठनं घातलं, यांना खूश करायला. यांना त्यातलं काही समजलं नाही. बोलताना माझी वाक्यं अगदी सुटसुटीत येत होती. बाकडे मी एकदाही बघितलं नाही, आणि मला खोकलाही आला नाही.

“तुमचं काय म्हणणं, धाकूबाबा?” वकिलांनी विचारलं. त्यांचा आवाज खाली आला होता. “मुलगा सांगतो ते बरोबर?”

मी टेबलाची कड बघत होतो. मग बा म्हणाला, “लिवा. पोरगा सांगतंय तसा लिवा.”

हरिहररावांनी लिहिलं, वाचून दाखवलं. मजकूर त्यांनी होईल तेवढा सौम्य केला होता, तरी ‘मी या कामात अजाण असून’ हे शब्द त्यात होतेच. बा ऐकत होता. काही पुन्हा वाचायला सांगितलं नाही. अंगठ्याला शाई लावताना वकिलांनी त्याचा हात धरला, तर तो हात त्यांनी नेला तिकडे गेला, दाबला तेव्हा दबला. काम होण्यासारखं आहे, ते मला म्हणाले. पंधरा दिवसांत नोटिशीचं उत्तर येईल, शेठ बहुतेक तडजोडीला येईल, कोर्टाची पायरी चढायचीही वेळ येणार नाही. मी हात जोडले. मला खरंच आनंद झाला होता. लॉरी परत जाणार होती, घर तरणार होतं. जिन्यावरून उतरताना मी बाला ते सगळं पुन्हा समजावून सांगितलं. तो हं हं करत एक पायरी मागे येत होता.

गल्लीतून आम्ही तलावाच्या रस्त्यावर आलो. ऊन चढलं होतं. एक टांगा गेला, त्याच्यामागून बर्फाची हातगाडी, आणि मग रस्ता मोकळा झाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी चार पावलं गेलो आणि मागे कुणी नाही असं वाटून वळलो. बा कडेलाच उभा होता. लहानपणी याच रस्त्यावर माझं मनगट धरून त्यानं मला टांग्या-गाड्यांतून ओढत नेलं होतं, कधी इकडे तिकडे न बघता. मला वाटलं तो रागावलाय. मला वाटलं तो मला टोमणा मारतोय. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं, कितीतरी दिवसांनी, आणि तिथे राग नव्हता, चेष्टाही नव्हती. तो रिकाम्या रस्त्याकडे बघत होता आणि त्याला खरोखरच खात्री वाटत नव्हती.

“जांव का रं आता, नाथा?” त्यानं विचारलं.